अंगणवाडीची यादी शाळेपर्यंत पोचू द्या

महोदय,

अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे. म्हणून खानापूर, बेळगाव तालुक्यांत शेजारी असूनही दोघींची गाठ पडत नाही. अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि सीआरपी (शाळांच्या समूहाचे साधन व्यक्ती) यांनी उन्हाळी सुट्टीआधीच एकत्र बसावे. पहिलीत जाणाऱ्या मुलांची नावे, लसीकरण, वजन-उंची आणि घरची भाषा एका पानावर मावते. भाषेचा रकाना मात्र कोरा सोडू नका! अंगणवाडीत कन्नड गाणी म्हणणारे मराठी मूल पहिलीत गप्प बसले, की ते कच्चे ठरते. मार्चमधले चार शनिवार सेविकेने मुलांना पहिलीच्या वर्गात तासभर बसवावे, शाळेचे स्वच्छतागृहही दाखवावे. जूनमधली बरीच रडारड तिथलीच असते.

– काही निवृत्त शिक्षिका, खानापूर