धुऱ्यावरचा मोगली एरंड

नागपूर, १२ ऑक्टोबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. बाबांच्या शेताचं काय केलं, असं विचारलंस. परवा काटोलकडे जाऊन आलो. धुऱ्यावर मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, चार झाडं अजून उभी आहेत.

आठवतं तुला? २००३ मध्ये नियोजन आयोगाचा बायोडिझेलचा, म्हणजे बियांच्या तेलापासून डिझेल करण्याचा, अहवाल आला आणि जो तो या झाडाचं नाव घेऊ लागला. पडीक जमिनीत येतं, पाणी लागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. बाबांनी दीडशे रोपं लावली. झाड पाण्यावाचून जगतं, पण पाण्यावाचून बी धरत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी जेमतेम दोन पायल्या बी निघालं, आणि तेही घ्यायला कुणी फिरकलं नाही. बाबा वर्षभर ते बी ओसरीत सांभाळत होते. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

परवा एक वाळलेलं फळ फोडलं. तीन काळ्या बिया निघाल्या. एक नखाने चिरली, बोट तेलकट झालं. तेल तर आहेच रे त्यात!

मी म्हणतो, घेणारा आणि भाव ठरल्याशिवाय सरकारने शेतकऱ्याला कामाला लावू नये. आपल्याकडे पॉवर अल्कोहोलचा, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलचा (इथेनॉलचा), कायदा १९४८ मध्येच झाला होता. २००३ मध्ये नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं, पण ऊस घटला, मळी मिळेना. २०१३-१४ मध्येही प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होतं. पुढे सरकारने इथेनॉलचे दर बांधून दिले, २०१८च्या धोरणाने धान्याला वाट मोकळी केली, आणि २०२२ मध्ये १० टक्के, २०२५ मध्ये २० टक्के गाठले. याचं श्रेय द्यायलाच हवं.

अमेरिकेने १९८० मध्ये कोळसा आणि शेल खडकापासून तेल काढायला अख्खं महामंडळ उभारलं. खनिज तेल स्वस्त झालं, पाच-सहा वर्षांत ते गुंडाळलं. ब्राझीलने १९७५ पासून उसाचं अल्कोहोल धरून ठेवलं, तरी १९८९च्या सुमारास पंपावर ते मिळेना आणि लोकांनी अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या घेणं सोडलं. विश्वास परत आला तो २००३ नंतर, पेट्रोल आणि अल्कोहोल कशीही मिसळून चालणाऱ्या गाड्या निघाल्या तेव्हा.

आता धाकटा म्हणतो, इथेनॉलसाठी मक्याला मागणी आहे, चार एकर लावू. तुझी हयात साखर कारखान्यात गेली. मक्याचा भाव पाच वर्षं टिकेल का, ते स्पष्ट लिही. पेरणीआधी हवं आहे.

उरलेल्या दोन बिया सोबत पाठवतोय. विषारी असतात, नातवाच्या हाती लागू देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक