सुट्या अंकांची पेटी जपणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझा पीएच.डी.चा प्रबंध गेल्या महिन्यात विद्यापीठात सादर झाला. ऋणनिर्देशात आपला उल्लेख आहेच, परंतु तेथील एका ओळीत जे मावले नाही ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून १८६७ पर्यंतची मराठी नियतकालिके हा माझा विषय. १८६७ च्या कायद्याने छापील मजकुराची नोंदणी सक्तीची झाली. त्याआधीचे मासिक कोणी छापले, वर्गणी किती होती, अंक कोठे मिळत असे, हे बरेचदा अंकाच्या वेष्टनावरूनच, म्हणजे बाहेरच्या कागदी आवरणावरूनच, कळते. पुढे वर्षभराचे अंक एकत्र बांधताना नेमकी हीच वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत होती. त्यामुळे मी जेथे जेथे गेले तेथे सुबक बांधीव खंड मिळाले आणि मला हवे ते मिळाले नाही. एका ग्रंथालयात तर मजकूर पूर्ण असताना वेष्टन कशाला हवे, असे विचारून मला परत पाठवण्यात आले.

आपण मात्र माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतलेत, जुनी दाखल नोंदवही काढलीत आणि ‘दुबार प्रती, सुट्या’ असा शेरा असलेली ओळ दाखवलीत. जागेची टंचाई असलेल्या मुंबईच्या महाविद्यालयात दुबार प्रती सर्वांत आधी रद्दीत जातात. आपण त्या विशेष संग्रहात ठेवल्या होत्या, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, सुती फितीने बांधून.

तो जुलै महिना होता. पहिल्याच अंकाचे फिकट निळे वेष्टन दमटपणामुळे आतल्या पानाला चिकटले होते. मी अधीर झाले होते; आपण मला हात लावू दिला नाहीत, हे फार बरे झाले. दुरुस्ती विभागातील काकांनी दोन दिवस घेऊन ते बोथट पात्याने सोडवले आणि फाटलेली कड जपानी कागदाने व गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने सांधली. त्या दोन दिवसांत आपण मला १८५० च्या सुमाराचा चिंध्यांपासून केलेला कागद आणि नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद शेजारी ठेवून दाखवलात: जुना अजून लवचीक, नवा पिवळा पडून कडांना तुटणारा. प्रबंधातील कागदावरचे प्रकरण मी त्याच टेबलाशी बसून लिहायला घेतले.

पेटीतील सर्व अंकांची वेष्टनांसह सूची मी तयार केली असून तिची एक प्रत सोबत पाठवीत आहे. दोन अंकांत पानांचा क्रम चुकलेला आहे. ती नोंद सूचीत समासात केली आहे, अंकांवर काहीही लिहिलेले नाही. काकांना माझा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी
मुंबई