मुलगाराची शेपटी

सई,

परवा फोनवर तू जाम वैतागलेली वाटलीस. एवढ्या हौसेने म्युझियममधे व्हॉलंटियर म्हणून गेलीस आणि हातात काय आलं तर उंदराएवढ्या प्राण्यांची जुनी कातडी, कवट्या, आणि त्यांची लेबलं कॉम्प्युटरवर चढवायचं काम. "बाबा हे निव्वळ क्लार्कचं काम आहे" म्हणालीस. सगळी नोकरी भूमी अभिलेखात क्लार्क म्हणून काढलेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे कमालच आहे तुझी, पण असो. त्यातला तो मुलगारा माझ्या डोक्यात राहिला म्हणून त्याच्यावर जे मिळालं ते वाचत बसलो, आणि खरं सांगतो, कोर्टात वर्षानुवर्षं चाललेल्या जमिनीच्या केसपेक्षा ही भानगड भारी आहे.

प्राणी केवढा, तर साधारण १०० ग्रॅमचा, टास्मानियन डेव्हिलच्या घराण्यातला, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात राहणारा, किडे विंचू पाली उंदीर जे मिळेल ते खाणारा आणि चरबी शेपटीत साठवणारा. १८६७ मधे सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या क्रेफ्टने साउथ ऑस्ट्रेलियातल्या एका नमुन्यावरून त्याला क्रिस्टिकॉडा, म्हणजे शेपटीला तुरा असलेला, असं नाव दिलं. (हा क्रेफ्ट पण नमुनाच. १८७४ मधे ट्रस्टींनी काढून टाकल्यावर हा ऑफिस सोडेना, शेवटी खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवला त्याला!) त्याने दिलेलं जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव आधीच एका हमिंगबर्डला देऊन झालेलं होतं, म्हणून १८७५ मधे बर्लिनच्या पीटर्सने डॅसिसर्कस केलं. पुढे १९०४ मधे वेट नावाच्या अभ्यासकाने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराकडच्या प्राण्याला ब्लायथी म्हटलं, १९०५ मधे लंडनच्या ओल्डफील्ड थॉमसने साउथ ऑस्ट्रेलियातल्या लेक एअर या तलावाच्या पूर्वेकडच्याला हिलिएरी. मग नंतरच्या लोकांनी विचार केला की हे सगळे एकच दिसतायत, आणि टाकले सगळे क्रिस्टिकॉडाच्या नावावर. सोय झाली!

२००० च्या सुमाराला जेनेटिक्सवाल्यांनी सांगितलं की नाही, दोन वेगळे प्राणी आहेत. मग एकाला क्रिस्टिकॉडा ठेवलं, दुसऱ्यासाठी जुनं हिलिएरी परत काढलं, सरकारच्या संरक्षणाच्या यादीतही ही दोन नावं होती. इथपर्यंत सगळं ठीक वाटतं ना? पण मूळ नमुना कुणी नीट बघायचा? ते काम पॅट वूली या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी केलं. त्यांनी टाइप स्पेसिमेन, म्हणजे ज्यांच्यावरून नावं दिली ते मूळ नमुने, तपासले, शेपटी बघितली, दात मोजले, आणि २००५ मधे छापलं की क्रेफ्टचा जो मूळ प्राणी आहे तो तुरेवालाच आहे, म्हणजे लोक ज्याला हिलिएरी म्हणतायत तोच खरा क्रिस्टिकॉडा, आणि ज्याला इतकी वर्षं क्रिस्टिकॉडा म्हणत आले तो बिनतुऱ्याचा, ब्रशसारख्या शेपटीचा प्राणी म्हणजे वेटचा ब्लायथी! तुरेवाल्याला वरच्या जबड्यात एका बाजूला तीन प्रीमोलर (दाढांच्या पुढचे दात) आणि मादीला आठ स्तनाग्रं, ब्रशवाल्याला दोन प्रीमोलर आणि सहा. आता २००५ च्या आधीच्या पेपरात कुणी क्रिस्टिकॉडा लिहिलं असेल तर तो नक्की कुठला ते आधी शोधा, मगच त्यातले आकडे वापरा.

आम्ही मोजणीला जायचो तेव्हा गाव काय म्हणतं त्याला काही किंमत नसायची, हद्दीचा दगड कुठे आहे तिथून साखळी लावायची. होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्यावरून दिलं तो एक मूळ नमुना, हाच तो दगड. प्राणी रानात हजारो असोत, नाव त्या एका कातडीला आणि कवटीला बांधलेलं असतं. ती हरवली, किंवा तिचं लेबल कुणी वैतागून चुकीचं चढवलं (तुला नाही बोलत, पण बोलतोय पण), तर पुढचे भांडत बसणार.

आणि हे २००५ ला संपलं नाही. २०२३ मधे म्युझियममधले जुने नमुने आणि गुहांमधून मिळालेल्या कवट्या मोजून न्यूमन-मार्टिन आणि इतरांनी सहा जाती मांडल्या, हिलिएरी पुन्हा उभा केला, तीन अगदी नवीन नावं दिली, त्यातलं एक वूली बाईंच्या नावाने. पण त्या तिन्ही नवीन जाती बहुतेक आधीच नष्ट झाल्यात म्हणे. नाव मिळेपर्यंत प्राणीच शिल्लक नाही! मला तरी हे वाचून फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण त्यातले काही नमुने कितीतरी वर्षं ड्रॉवरमधे पडून होते आणि त्यांच्यावर क्रिस्टिकॉडा लिहिलेलं होतं म्हणून कुणी परत उघडून बघायला गेलं नाही. एकदा नाव लागलं की फाइल बंद, हा रोग सगळ्या ऑफिसात सारखाच.

तर लेबलावर जे आहे ते जसंच्या तसं उतरव, स्पेलिंग चुकलेलं वाटलं तरी मनाने सुधारू नकोस, शेजारी वेगळी नोंद कर. जागा, तारीख, कुणी पकडला, हे पुसट असेल तर भिंग घे, अंदाजाने भरू नकोस. आणि तुमच्याकडे टाइप वेगळे ठेवलेत का, बऱ्याच ठिकाणी त्यांना लाल खूण असते म्हणतात, ते विचार. परवानगी असेल तर मुलगाराच्या शेपटीचा फोटो पाठव, तो तुरा वाळलेल्या कातडीवर साध्या डोळ्यांनी कळतो का ते बघायचंय मला. आईने पार्सलमधे चकल्या टाकल्यात, म्युझियममधे नेऊ नकोस, तिथे खायचं काही चालत नसणार, उगाच किडे व्हायचे.

बाबा