नोकरी सोडून मराठी लेखनाकडे : आई-बाबांना पत्र

पुणे
१२ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी मी नोकरी सोडत असल्याचे फोनवर सांगितले तेव्हा बाबांनी “मग पेन्शनचे आणि दवाखान्याचे काय?” एवढेच विचारले आणि आई काहीच बोलली नाही. या दोन्ही गोष्टींचे उत्तर फोनवर नीट देता येण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. राजीनामा मंजूर झाला असून ३१ मार्च हा कंपनीतील माझा शेवटचा दिवस असेल. १ एप्रिलपासून मी कोणाच्याही पगारपत्रकावर न राहता कंपन्यांसाठी आणि संस्थांसाठी मराठी मजकूर लिहिण्याचे काम घेईन. या व्यवसायाला कॉपीरायटिंग म्हणतात. नातेवाइकांनी विचारले तर ‘जाहिराती लिहिते’ असे सांगितले तरी चालेल, परंतु तुम्हाला मला त्याहून अधिक सांगायचे आहे.

जाहिरात हा या कामाचा एक भाग झाला. बँकेचा एसएमएस, रुग्णालयातून घरी सोडताना हातात दिला जाणारा सूचनांचा कागद, बियाण्याच्या पिशवीसोबतची माहितीपत्रिका, विम्याच्या अर्जातील प्रश्न, हे सगळे कोणीतरी लिहिलेले असते. गेली अकरा वर्षे मी ज्या विभागात काम केले, तिथे असा मजकूर आधी इंग्रजीत तयार होत असे आणि विक्री, कायदा, ब्रँड अशा सर्व विभागांची मान्यता मिळाल्यावर, छपाईला जेमतेम एखादा दिवस उरलेला असताना, तो मराठीसाठी माझ्या टेबलावर येत असे. तोवर वाक्यांचा क्रम, लांबी आणि कागदावरची जागा ठरून गेलेली असायची. ज्याला तो मजकूर वाचायचा आहे त्याला सर्वांत आधी काय कळले पाहिजे, हा प्रश्न त्या क्रमात कुठेच बसत नव्हता. मी तो अनेकदा मांडला आणि वरिष्ठांनी तो आस्थेने ऐकूनही घेतला, पण एवढ्या मोठ्या यंत्रणेत एका भाषेसाठी कामाची रीत बदलणे त्यांच्याही हातात नव्हते. मला आता मराठी मजकूर पहिल्या ओळीपासून मराठीतच लिहायचा आहे. नोकरी सोडण्यामागचे माझे कारण एवढेच आहे.

बाबा, या कामाची पहिली ओळख मला तुमच्यामुळे झाली. नीरा उजव्या कालव्याचे रब्बीचे आवर्तन सुरू होण्याआधी पाणीअर्जाची जाहीर सूचना निघायची, तेव्हा वरून आलेला मसुदा तुम्ही फलटणच्या घरी आणून रात्री पुन्हा लिहून काढायचात. मसुद्यात कायद्याचे कलम पहिल्या ओळीत आणि अर्जाची मुदत सर्वांत खाली असायची. तुम्ही मुदत वर घ्यायचात, त्याखाली नमुना नंबर ७ चा अर्ज कुठे मिळेल ते लिहायचात, मग पाणीपट्टीची थकबाकी असलेल्याने काय करावे ते, आणि कलम अगदी शेवटी. ज्याच्या उसाला पाणी हवे आहे त्याला चावडीवर उभ्या उभ्या सगळे कळले पाहिजे, असा तुमचा आग्रह असे. तुम्ही नोकरीचा भाग म्हणूनही ज्याची कधी नोंद केली नाही, ते काम मी व्यवसाय म्हणून करणार आहे.

सुरुवातीचे काम तीन ठिकाणी ठरले आहे. जालन्याची एक बियाणे कंपनी, मिरजेतले एक रुग्णालय आणि मुंबईची एक जाहिरातसंस्था. बियाण्याच्या पिशवीवर उगवणक्षमता आणि शुद्धता छापणे कायद्याने बंधनकारक आहेच, परंतु पेरणीची खोली किती, दोन ओळींत अंतर किती, आणि उगवण झाली नाही तर तक्रारीसाठी पिशवी, तिचे लेबल, खरेदीची पावती आणि थोडे बियाणे जपून ठेवावे, हे शेतकऱ्याला सोप्या शब्दांत सांगणारा कागद खरिपाआधी, मे महिन्यातच, दुकानांत पोहोचावा लागतो. रुग्णालयाचे काम मला त्याहून अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तिथे गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, याबद्दलच्या एका गोंधळलेल्या वाक्याचा परिणाम थेट माणसाच्या शरीरावर होतो.

एका चूर्णविक्रेत्याने मधुमेह मुळापासून बरा होतो असा मजकूर लिहून देण्याबद्दल विचारले, त्याला मी नकार कळवला. १९५४ च्या कायद्याने अशा दाव्याच्या जाहिरातीस मनाई आहेच, पण ती नसती तरी मी ते लिहिले नसते. बाबा रोज सकाळी साखर तपासतात, आणि असे वाचून कोणी आपली गोळी बंद केली तर त्यात माझ्या शब्दांचा वाटा असेल. कोणते काम घ्यायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार यापुढे माझ्याकडे असेल आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

आता पेन्शन. बाबा, तुम्हाला जे निवृत्तिवेतन मिळते, तसे माझ्या नोकरीत कधीच मिळणार नव्हते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्या बहुतेकांनाही ते तुमच्या अटींवर लाभले नाही. मला जे मिळणार होते त्यातील मिळवलेला भाग बुडत नाही. भविष्यनिर्वाह निधी मी काढणार नाही. दहा वर्षांहून अधिक सेवा झाल्यामुळे त्यासोबतच्या निवृत्तिवेतन योजनेचा हक्क ५८ व्या वर्षी कायम राहील, मात्र ती रक्कम फार थोडी असेल हे मी जाणून आहे. प्रत्येक वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाप्रमाणे मिळणारी ग्रॅच्युइटी मी घरखर्चात न आणता बाजूला ठेवीन. कंपनी माझ्या नावाने जो हिस्सा भरत होती तो आता मलाच भरायचा आहे, म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक बिलातून आधी करासाठी आणि म्हातारपणासाठी रक्कम वेगळी काढण्याचे ठरवले आहे. ग्राहक बिलातून १० टक्के कर कापून देतील आणि उरलेला आगाऊ कर मला जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना भरावा लागेल. हिशेबाची वही तुम्हाला दाखवायला मला आवडेल, कारण चूक कुठे आहे ते तुम्हाला माझ्याआधी दिसते.

उत्पन्न दर महिन्याला सारखे नसेल. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी यांच्या आधी काम भरपूर असते, आणि पितृपक्षात घरांच्या आणि दागिन्यांच्या जाहिराती जवळजवळ थांबतात. घराच्या कर्जाचा हप्ता जावयांच्या पगारातून जाईल असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. बिले थकण्याची भीती खरी आहे. त्यासाठी मी लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करत आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत देणे ग्राहकावर बंधनकारक असते. कायदा असला तरी दरवेळी भांडायला कोण जाणार, असे तुम्ही म्हणाल आणि ते बरोबरच आहे, म्हणून नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय काम सुरू करणार नाही.

संगणक आता मराठीही लिहितो, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. त्यामुळे किरकोळ कामे कमी झाली आहेत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. परंतु रुग्णालयाच्या कागदावरील प्रत्येक वाक्य खरे आहे की नाही ते डॉक्टरांकडून तपासून घेणे, आणि वाचणाऱ्याला ते कळले का हे वॉर्डात बसून पाहणे, यासाठी जबाबदार माणूस लागतो, आणि मी घेतलेली कामे मुख्यतः अशीच आहेत.

आई, तू का बोलली नाहीस, याचा मी बराच विचार केला. घरी बसून काम करणाऱ्या बाईला घरातले आणि दारातले सगळे मोकळीच समजतात, हे तू शिकवण्या घेताना सोसले आहेस. मुले अंकगणित सोडवत असताना तुला चहासाठी उठावे लागायचे, आणि ते कोणालाच वावगे वाटत नव्हते. म्हणून छकुलीचे पाळणाघर मी बंद करणार नाही, स्वयंपाकाच्या मावशीही येत राहतील, आणि मागची खोली दहापासून पाचपर्यंत माझे कार्यालय असेल. तरीही तुझ्या मनात आणखी काही असेल तर मला ते कळायला हवे.

सर्वांत तातडीचा विषय दवाखान्याचा आहे. कंपनीच्या सामूहिक आरोग्यविम्यात तुम्ही दोघेही होता आणि ते संरक्षण ३१ मार्चला संपेल. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि आधी पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो. नव्याने पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून हा मार्ग मी निवडला आहे. विमा कंपनी वैद्यकीय तपासणी मागेल, कदाचित जादा हप्ताही लावेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा वस्तू व सेवा कर रद्द झाल्याने थोडा भार हलका झाला आहे. वर्षाचा हप्ता मी आताच वेगळा ठेवला असून पुढेही तो माझ्या कमाईतील पहिला खर्च राहील. त्यासाठी तुमच्या पेन्शनला हात लावायचा नाही.

या पत्रासोबत दोघांचे अर्ज स्पीड पोस्टाने पाठवत आहे. बाबांचा मधुमेह कोणत्या वर्षी निदान झाला, सध्याच्या गोळ्या कोणत्या, आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया कधी झाली, हे सगळे खरे लिहायचे आहे. आजार लिहिला तर विमा मिळत नाही असे कोणी सांगेल, पण लपवलेला आजार पुढे ऐन गरजेच्या वेळी दावा फेटाळण्याचे कारण होतो. अर्ज इंग्रजीत आहे, म्हणून त्यातील प्रत्येक प्रश्न मी मराठीत लिहून वेगळ्या कागदावर जोडला आहे. जिथे अर्थ लागणार नाही तिथे बाबांनी पेन्सिलीने खूण करून ठेवावी. शनिवारी फोन करेन तेव्हा ते प्रश्न मी पुन्हा लिहीन आणि मगच तुम्ही सह्या कराव्यात.

तुमची,
मीनू