मेडिकलवाल्या काकांना, गोळी न दिल्याबद्दल थँक्यू

काका नमस्कार,

माझं नाव तुम्हाला माहीत नाही पण चेहरा आठवेल कदाचित. महिन्यापूर्वी रात्री साडेदहाला सिडकोतल्या तुमच्या दुकानासमोर एक मुलगा गर्दी संपायची वाट बघत होता, आधी ओआरएस घेतलं, मग परत येऊन बँडेज घेतलं, तो मी.

आंघोळ करताना उजव्या अंडकोषाच्या मागे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली होती. दुखत नव्हती. तीन आठवडे कोणालाच बोललो नाही, ना घरी ना रूमवरच्या पोरांना, अंबडला कंपनीत मशीनवर उभा असलो तरी डोक्यात तेच चालू आणि रात्री मोबाईलवर कॅन्सरचं वाचून झोप उडायची. भिंतीवरची गुप्तरोगाची जाहिरात बघून एकाला फोनही केला, त्याने काही न बघता तीन महिन्यांचा कोर्स आणि नऊ हजार सांगितले. खरं सांगतो, मी पैसे जमवत होतो.

तुम्हाला फक्त विचारलं, गाठ जायची एखादी गोळी आहे का. कुठे आहे ते सांगताना आवाजच फुटेना. तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत, स्टूल सरकवलंत आणि खोकला ओला की कोरडा विचारतात ना अगदी तशा आवाजात विचारलंत, "अंडकोषावरच आहे की मागे? दुखते? वाढतेय का?" तेवढ्यानेच माझा अर्धा ताण गेला काका. मग म्हणालात, "याला मी गोळी देणार नाही, आणि न तपासता जो देईल त्याच्याकडून घेऊ नको." बिलाच्या मागे लिहून दिलंत, सर्जन किंवा युरॉलॉजिस्ट, अंडकोषाची सोनोग्राफी. वर हेही बजावलंत की अचानक जोरात दुखायला लागलं तर सकाळची वाट बघायची नाही, पीळ पडलेला असू शकतो, साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तरच अंडकोष वाचायची चांगली शक्यता असते.

दोन दिवसांनी गेलो. डॉक्टरांनी लाईट बंद करून मागून टॉर्च लावली तर ती गाठ लालसर उजळली. म्हणाले आत पाणी दिसतंय, घट्ट गाठीतून उजेड असा आरपार येत नाही, तरी सोनोग्राफी करूच. एपिडिडायमल सिस्ट निघाली, 7 मिमीची, अंडकोषाच्या मागे जी नळी असते तिथली. अंडकोष एकदम व्यवस्थित. औषध नाही, ऑपरेशन नाही, मोठी झाली किंवा दुखली तरच परत यायचं.

कॅन्सरचं विचारलं तेव्हा ते म्हणाले हा जास्त करून 15 ते 40 वयातच दिसतो, अंडकोषावरच टणक गाठ लागते आणि बऱ्याचदा ती दुखतच नाही, लवकर सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. दुखत नाही म्हणजे काही नसेल अशी समजूत मी तीन आठवडे घालत होतो, ते आठवून तिथेच अंगावर काटा आला.

रिपोर्ट दाखवायला दोनदा येऊन गेलो, दोन्ही वेळा दुकानात बायाबापड्यांची गर्दी, म्हणून हे लिहितोय. तुमची ती चिठ्ठी अजून पाकिटात आहे. रविवारी गावी निफाडला चाललोय, येताना बागेतली द्राक्षं आणतो, नाही म्हणू नका.

तुमचाच,
ओआरएसवाला मुलगा