चिऊच्या पोटदुखीबद्दल

पाथर्डी,
१२ डिसेंबर

प्रिय अन्या,

तुझा परवाचा मेसेज वाचला. हे फोनवर नीट बोलून व्हायचं नाही, शिवाय आमच्या वस्तीवर रेंजचा भरवसा नसतो, म्हणून लिहायलाच बसलो.

पीटीचा तास असला की चिऊचं सकाळपासून पोट दुखतं, तू तिला डॉक्टरकडे नेऊन आणलंस, ते म्हणाले काही नाही. खरंच काही नसणार. कारण तिनेच सांगितलंय की, ‘बाबा, मी पहिलीच आउट होते.’ तू हे वाक्य मेसेजच्या शेवटी जाता जाता लिहिलंस. मला वाचताना तेवढंच दिसलं.

अरे, साधा हिशोब बघ. वर्गात चाळीस मुलं. कबड्डी लावली की एका बाजूला सात, म्हणजे चौदा खेळणार आणि सव्वीस कडेला बसून ओरडणार. खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊपैकी आठ जण बसलेले, आणि चपळ पोरं चपळ पोरांनाच खो देतात. एखादं बिचारं अख्खा डाव उकिडवं बसून पाय आखडून घेतं. संगीत खुर्चीचं तर विचारूच नकोस. जो हळू तो आधी बाद. म्हणजे ज्याला पळायची गरज सगळ्यांत जास्त, त्यालाच सगळ्यांत कमी पळायला मिळतं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चिऊच्या तासातली किती मिनिटं ती हलते, हे तिलाच विचार.

मी आमच्या शाळेत पहिली ते चौथीला बाद व्हायचे खेळ घेतच नाही. यात माझी अक्कल काही नाही. आपण गावात खेळायचो त्यातले कितीतरी खेळ असेच होते. विष-अमृत आठवतं का? विष लागलं की जागेवर थिजायचं, पण कुणीतरी अमृत द्यायला येतंच, आणि येणारं पोर बहुतेक वेळा आपलं भांडण झालेलंच असायचं! साखळीच्या खेळात पकडला गेलेला साखळीलाच जोडला जातो. सुटका नाही, उलट पळापळ वाढते. लगोरीत ज्याचा नेम नाही तो लगोऱ्या रचायला धावतो. हे खेळ ज्यांनी बसवले त्यांनी कुठलं प्रशिक्षण घेतलं नव्हतं, पण गल्लीतलं एकही पोर घरी रडत जाऊ नये एवढं त्यांना कळत होतं. मैदानी स्पर्धांच्या नियमांत ते उरलं नाही, आणि आम्ही मास्तर लोक पहिलीच्या पोरांनाही स्पर्धेचेच नियम लावतो.

स्पर्धा वाईट असं म्हणत नाही मी. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून आमच्या चौथीतल्या पोरी स्वतःला प्रियांका म्हणवून घेतात. पण शाळांच्या स्पर्धांची केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशी चढण असली की शाळा बारा पोरं निवडते, डिसेंबरभर त्यांनाच पळवते, बाकीची टाळ्या वाजवायला. गावकऱ्यांनाही कपाटातली ढाल दिसते. कडेला बसलेलं पोर दिसत नाही.

आणि शिकवणार कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक आहे, पण तो सहावी ते आठवीला, तेही तिथे शंभरावर मुलं असतील तर. पहिली ते पाचवीला कुणीच नाही. आमची द्विशिक्षकी शाळा. गणित, मराठी, परिसर, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती आणि पीटी, सगळं दोघांत. मूल्यमापनाची तर गंमतच आहे. ‘खेळात उत्साहाने सहभागी होतो’, ‘खेळाचे नियम पाळतो’ अशा वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरतात, त्या खाली-वर करून उतरवायच्या. ऊस तोडायला कारखान्यावर गेलेलं पोरसुद्धा उत्साहाने सहभागी झालेलं सापडेल तुला.

मला विचारशील तर मैदान ही पोरांच्या तब्येतीची खरी नोंदवही आहे. आमच्या तिसरीतल्या एकाला चेंडू झेलताच यायचा नाही. चिंध्यांचा मऊ चेंडू केला (कडक चेंडूला पोरं डोळे मिटून घेतात आणि तिथेच झेल संपतो), तरी नाही. मग लक्षात आलं, तो डोळे बारीक करून चेंडू शोधतोय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्यापुढे त्याला आधी उभा केला. आता चष्मा लावून खेळतो, दोरीने मागे बांधून. वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, म्हणून फळ्याने कधी चुगली केली नव्हती.

तसंच दोन फेऱ्यांत धापा टाकणाऱ्या पोरीचं. तिला आळशी म्हणणं सोपं आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी असते, ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. उपाशीपोटी दिली की मळमळतं, मग पोरं गुपचूप खिडकीबाहेर फेकतात. म्हणून खिचडी झाल्यावरच, आणि माझ्यासमोर. फेब्रुवारीत जंताची गोळीही चावूनच खायला लावतो. लोह एकीकडे द्यायचं आणि पोटातल्या जंतांनी रक्त प्यायचं, याला काय अर्थ आहे?

मशेरीपुढे मात्र माझं डोकं चालत नाही. दिवाळीच्या सुमारास आईबाप तोडीला जातात, पोरं आजीपाशी राहतात, आणि आजी तव्यावर तंबाखू भाजून दातांना लावते. पोरं सकाळी तिच्याशेजारी बसून तेच करतात. शाळेच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ रंगवलंय, झकास अक्षरात. आजीला काय सांगू? ‘तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत मी,’ असं तिने मलाच ऐकवलं. शेवटी ब्रश शाळेतच ठेवले, परिपाठाआधी हौदाशी रांग लागते. सुट्टीच्या दिवशी काय होतं ते विचारत नाही.

पोरींचं एक सांगायचं राहिलं. चौथी-पाचवीत आली की घरून निरोप येतो, ‘मोठी झाली आता, पळायला लावू नका.’ मी त्यावर वाद घालत नाही, लंगडी लावतो. लंगडीला आया काही म्हणत नाहीत, त्याही खेळलेल्या असतात. खेलो इंडियाच्या चाचणीत लहान मुलांना एका पायावर तोल सांभाळायचा असतो, फ्लेमिंगो बॅलन्स म्हणून. पहिली-दुसरीतल्या आमच्या लंगडीवाल्या पोरी त्यात अशा उभ्या राहतात की घड्याळ बघणाराच कंटाळतो.

तर, चिऊच्या सरांना भेट, पण भांडू नकोस. त्यांच्या एका तासाला दोन तुकड्या असतील आणि मैदानाच्या जागी पार्किंग. एवढंच म्हण की बाद झालेल्यांना पाच दोरीच्या उड्या मारून परत आत घ्या. कुठलाही मास्तर हे ऐकेल, कारण बाद पोरांचा कडेचा गोंधळ त्यालाच आवरावा लागतो. आणि रविवारी सोसायटीत चार पोरं गोळा करून विष-अमृत लाव. विष तू हो. तुझं पोट बघता चिऊ तुला सहज चुकवेल.

उद्या केंद्राच्या स्पर्धा आमच्याच माळावर आहेत. कुसळं काढून फक्की मारायची आहे, थांबतो. वहिनींना नमस्कार, चिऊला पापा.

तुझा,
दत्ता