चित्रपुस्तकातले गणित कवितेच्या मापात बसावे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत मुलांच्या नव्या पुस्तकांचा परिचय येतो, तो मी आवर्जून वाचते. अलीकडे त्यात पद्यातून अंकओळख करून देणारी चित्रपुस्तके बरीच दिसतात आणि त्यांतली काही आमच्या गावच्या वाचनालयातही आली आहेत. गणिताची धास्ती बसण्याआधी ते गाण्यातून मुलांच्या कानावर पडावे, हा हेतू चांगलाच आहे. तरीही ही पुस्तके मुलांना वाचून दाखवताना एक उणीव वारंवार जाणवते, ती आपल्या वाचकांपुढे आणि जमल्यास लेखक-प्रकाशकांपुढे मांडावी, म्हणून हे पत्र.

बहुतेक पुस्तकांत पानावर एक आकडा, तितके प्राणी आणि खाली कसेबसे जुळवलेले यमक असते. सातच्या जागी आठ घातले तर यमक तेवढे बदलावे लागेल, कवितेचे दुसरे काहीही बिघडणार नाही. म्हणजे त्या कवितेला गणिताची गरज नव्हती आणि त्या गणितालाही कवितेची नव्हती. अनुवादित पुस्तकांची तर अधिकच पंचाईत होते. मूळ भाषेतला ठेका अनुवादात टिकत नाही, आणि हर्णै बंदरावर मासळीचे वाटे लागताना ज्याने रोज पाहिले आहेत, त्या मुलाच्या पदरात बर्फावरचे पेंग्विन मोजून नवे असे काही पडत नाही. गणित पद्यात घालायचे तर ते कवितेच्याच मापात बसले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे नवीन मुळीच नाही.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची आणि सगळी श्लोकांत. त्यातला भुंग्यांचा एक प्रश्न पाहा. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि उरलेला एकटा भुंगा केतकी आणि मालती या दोघींच्या गंधाने खेचला जाऊन आकाशात इकडून तिकडे घिरट्या घालतो आहे; तर थव्यात भुंगे किती? उत्तर पंधरा येते: कदंबावर तीन, शिलींध्रावर पाच, कुटजावर सहा आणि तो एक. अपूर्णांक काढून घेतले तर श्लोक उरत नाही, आणि तो एकटा भुंगा काढून घेतला तर गणित सुटत नाही, कारण बाकीच्यांचे हिस्से कितीही जुळवले तरी संख्या ठरते ती त्या एकामुळेच. कवीने ज्याची घालमेल सांगितली, तोच गणितातलाही मोक्याचा भुंगा आहे. सहा वर्षांच्या मुलाला अपूर्णांक समजणार नाहीत, हे खरे. पण तीन झाडे आणि मध्ये एक एकटा भुंगा हे चित्र त्याला नक्की समजेल, आणि चौथी-पाचवीत गेल्यावर तेच पुस्तक तो पुन्हा उघडेल. कुटज म्हणजे आपला कुडा आणि केतकी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा केवडा, त्यामुळे चित्रकाराला झाडांसाठी फार लांब जावे लागणार नाही.

याहून सोपी आणि मला स्वतःला अधिक आवडणारी गोष्ट छंदातली आहे. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन, हे आपण शाळेत शिकतो आणि वृत्त ओळखण्याच्या प्रश्नापुरते वापरून विसरतो. पण चार मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील, असे विचारले की त्याचे गणित होते. तऱ्हा पाचच आहेत, आणि त्या पाचही समुद्रावरच्या शब्दांत सापडतात: होडी, सागर, उधाण, भरती, गलबत. गुरूसाठी टाळी आणि लघूसाठी चुटकी असा नियम केला की ‘होडी’ला दोन टाळ्या येतात, ‘गलबत’ला चार चुटक्या, आणि ‘उधाण’ला चुटकी, टाळी, चुटकी. मुले हे शब्द वाजवून पाहतात आणि सहावा प्रकार शोधत बसतात. तो सापडत नाही, आणि का सापडत नाही हे विचारू लागतात, तेथे खऱ्या गणिताला सुरुवात होते. तीन मात्रांच्या तऱ्हा तीन, म्हणजे लाट, नदी आणि लहर. चारच्या पाच आणि पाचच्या आठ. लघूने सुरुवात केली तर मागे एक कमी मात्रेच्या जितक्या तऱ्हा तितक्या, गुरूने केली तर दोन कमी मात्रांच्या जितक्या तितक्या, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे उत्तर. हा क्रम विरहांक आणि हेमचंद्र या छंदःशास्त्रकारांनी कवितेचीच मापे मोजताना मांडला, आणि हेमचंद्र बाराव्या शतकातला, म्हणजे ज्या फिबोनाचीचे नाव त्याला जगभर चिकटले आहे त्याच्या १२०२ सालच्या ग्रंथाच्या आधीचा. हे चित्रात आणायला जांभ्याची भिंत पुरे आहे. अखंड चिरा म्हणजे गुरू, अर्धा चिरा म्हणजे लघू. एका थरात एक शब्द, खाली तोच शब्द असलेली ओळ. ‘मात्रा’ हे नाव पुस्तकात कोठे आले नाही तरी चालेल.

आता खास आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट. भरती किती वाजता, हे समुद्रावर जाणारी जुनी माणसे तिथीवरून तोंडी सांगतात: तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही आणि रात्रीही हाच हिशेब धरतात. यामागचे कारण असे, की चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिराने येतो आणि भरती त्याच्या मागोमाग. नेमके पाहायचे तर बारा तासांची पंधरा तिथींत वाटणी केल्यावर एका तिथीला ४८ मिनिटे येतात आणि पाऊणपट धरली की ४५ मिनिटेच होतात, म्हणून पौर्णिमेला हा हिशेब सव्वाअकरा सांगतो. शिवाय बंदरागणिक वेळ थोडी मागेपुढे होते. पण होडी पाण्यात कधी लोटायची, हे ठरवायला एवढे पुष्कळ होते. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे आपण घोकंपट्टी म्हणून शाळेतून काढून टाकले आणि त्यात माझे फारसे दुमत नाही. मात्र पाऊणकीचा समुद्राशी असलेला हा संबंध मुलांना आता कोणी सांगत नाही, याचे वाईट वाटते.

याचे चित्रपुस्तक व्हायला काहीच हरकत नाही. एका पानावर एक तिथी, वर त्या तिथीची चंद्रकोर, खाली धक्क्याच्या पायऱ्या आणि त्यांवर चढलेले पाणी. मजकूर मोठ्या अभंगाच्या मापात असावा, म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळलेले. मी कवयित्री नाही, पण माप दाखवण्यापुरत्या या ओळी पाहाव्यात:

चवथीचे पाणी । तीनच्या ठोक्याला ।
येई भेटायाला । पायरीला ॥

अष्टमीचे पाणी । सहाच्या ठोक्याला ।
भांग पडलेला । समुद्राला ॥

भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची उणी भरती, हे किनाऱ्यावरच्या मुलांना सांगावे लागत नाही. हे माप कानात बसले की पुढच्या तिथीचे कडवे मुले स्वतःच रचू पाहतात, आणि त्यासाठी त्यांना पाऊणपट काढावीच लागते. वेळ चुकली तर कडवे खोटे पडते आणि अक्षरे चुकली तर ते म्हणताना अडखळायला होते. गणित आणि कविता एकाच मापात असावीत म्हणते ती अशी.

चित्रकारालाही मोजता आले पाहिजे, हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते. आमच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात नऊ होड्यांचे पान आहे आणि नववी होडी शिवणीच्या घडीत अर्धी गेली आहे. मुले आठ म्हणतात, मजकूर नऊ म्हणतो, आणि वाचून दाखवणाऱ्याला मध्यस्थी करावी लागते. ज्या पुस्तकात मोजणे हाच विषय आहे, त्याच्या छपाईआधी ते एखाद्या पाच वर्षांच्या मुलापुढे ठेवून पाहायला काय हरकत आहे?

अशाने कवितेचा धडा होईल, अशी भीती काही कविमित्र बोलून दाखवतात, आणि ती अगदीच निराधार नाही. पानाच्या तळाशी ‘सांगा पाहू किती?’ असे छापले की कविता तेथेच संपते आणि परीक्षा सुरू होते. हा प्रश्न छापूच नये. तो मुलाला पडायचा असेल तर पडेल, नाहीतर त्याने नुसते गाणे म्हणावे आणि चंद्र पाहावा. दुसऱ्या बाजूने काही शिक्षकांना वाटते, की पद्यात आले की गणित ढिले होते. त्यांनी वरचा भुंग्यांचा श्लोक एकदा सोडवून पाहावा.

अशी पुस्तके एकट्या कवीला किंवा एकट्या गणित-शिक्षकाला जमणारी नाहीत. दोघांनी आणि चित्रकाराने आरंभापासून एकत्र बसायला हवे. आज कविता आधी लिहून होते, मग चित्रे काढली जातात आणि आकडे शेवटी तपासले जातात, निदान तयार पुस्तके पाहून तरी तसे वाटते. ज्या जिल्ह्यात मालगुंडला १८६६ साली केशवसुत आणि मुर्डीला १८७६ साली रँग्लर परांजपे जन्मले, त्या जिल्ह्यात तरी कवी आणि गणिती यांना एका टेबलाशी बसवणे अवघड जाऊ नये.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे, की बालपुरवणीतले अर्धे पान पंधरवड्यातून एकदा अशा प्रयोगासाठी द्यावे: एक कवी, एक शिक्षक, एक चित्रकार आणि एक तिथी. वाचकांनी आपापल्या बंदरावरची भरतीची वेळ पाहून कळवावी, म्हणजे वेंगुर्ल्याची आणि श्रीवर्धनची वेळ किती मागेपुढे होते तेही पुढच्या अंकात छापता येईल. त्या पानांचे पुस्तक झालेच तर ते मोठ्या आकाराचे असावे, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत एका प्रतीभोवती सगळा वर्ग बसतो आणि मागच्या मुलालाही पायऱ्या मोजता आल्या पाहिजेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी